मागे घेतलेला हात

शनिवारी दुपारी वर्लीनने वडिलांचा काळा सूट इस्त्री करून त्यांच्या खोलीच्या दारावर टांगला, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. आता यात तिची चूक म्हणावी, तर आईच्या काळापासून टिल्मनांच्या घरात शनिवारची इस्त्री कधी चुकलेली नाही. रविवारी कोटाला एक सुरकुती दिसली तरी बेलफर्ड गावातल्या बायका घरच्या बाईचा उद्धार करतात, आणि तोही प्रार्थनेच्या आधी. तेव्हा इस्त्री शनिवारीच. पण तिच्या वडिलांना, क्लीओफस टिल्मन यांना, हल्ली वार, महिना, काहीच उमगत नव्हतं. वय ऐंशीच्या पुढे. ओतशाळेत भट्टीपुढे उभं आयुष्य काढलेला माणूस, शरीर अजून खणखणीत, पण आठवण पार विरत चाललेली. उठल्यावर खुर्चीवर साधा शर्ट दिसला की साधा दिवस, दारावर काळा सूट दिसला की रविवार, एवढंच कॅलेंडर त्यांच्यापाशी उरलं होतं.

वर्लीन तळघरात धुण्याचं मशीन लावून वर आली, तेव्हा दारावर नुसता हँगर होता.

"डॅडी?"

न्हाणीघर रिकामं. पुढची ओसरी रिकामी. पलंगावर घरातले कपडे नीट घडी करून ठेवलेले, वरच्या खणातले पांढरे हातमोजे नाहीत, आणि रस्त्याकडचं दार सताड उघडं. ती तशीच मागच्या अंगणात धावली. तिथे तिचा धाकटा भाऊ लव्हेल डाव्या हाताने डुकराच्या बरगड्यांना मसाला चोळत शेगडीपाशी उभा होता.

"लव्हेल! डॅडी गेले!"

लव्हेलच्या हातातला चिमटा खाली पडला. डोळे भरून आले लगेच.

"अरे, तसे नव्हे! मेल्या, रडतोस काय? घरातून गेले. सूट घालून."

"अशी बातमी देतात का, ताई? माझं काळीज थांबलं असतं!" लव्हेल ओरडला, आणि मग त्यालाही कळलं की ही बातमीही काही कमी वाईट नाही.

दुसरं कुठलंही घर असतं तर काय केलं असतं? पोलिसांना फोन. हायवेच्या पलीकडे गोऱ्यांच्या वेस्टमोरमध्ये लोक तर मांजर झाडावर चढलं तरी पोलिसांना बोलावतात. शेजाऱ्याचं गाणं जरा मोठ्याने लागलं, फोन. अनोळखी माणूस फुटपाथवरून दोनदा गेला, फोन. पोलीस म्हणजे जणू त्यांच्या घरचे गडी. टिल्मनांच्या घरात मात्र तो नंबर लागत नसे, आणि त्याला कारण लव्हेलचा उजवा खांदा होता.

लव्हेलला लहानपणापासून साखरेचा आजार. विशी ओलांडली होती तेव्हा एकदा साखर एकदम खाली आली. स्वयंपाकघरात तो काहीबाही बरळायला लागला, हातपाय झाडायला लागला. आईने एका हाताने संत्र्याचा रस ओतला आणि दुसऱ्या हाताने फोन केला, ॲम्ब्युलन्स पाठवा म्हणून. आधी आले ते पोलीस. त्यांना दिसला एक सहाफुटी काळा पोरगा, भांडी फेकणारा. आई ओरडत राहिली, "त्याला रस द्या, नुसता रस द्या!" पण तिच्या हातातला पेला हातातच राहिला. लव्हेलला पालथा पाडून त्याच्या पाठीवर गुडघा रोवला, हात मागे पिरगळला, आणि काहीतरी कटकन वाजलं ते वर्लीनने जिन्यावरून ऐकलं. तेव्हापासून तो हात खांद्याच्या वर जात नाही. तक्रार झाली, चौकशी झाली, सगळं नियमात बसतं असं कागदावर आलं. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आई एवढंच म्हणाली, "या घरातून तो नंबर पुन्हा कुणी फिरवायचा नाही. आग लागली तर बादल्या घ्या." आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा शब्द काही गेला नाही.

म्हणून लव्हेल जे बोलला ते ऐकून वर्लीन चाटच पडली.

"करू का फोन?" तो हळूच म्हणाला.

"कुणाला?"

"त्यांना."

"वेड लागलंय का तुला? तू म्हणतोयस हे? तू?"

"अगं, पण डॅडी हायवेवर गेले असले तर? गाडीखाली आले तर?"

"आणि ते येऊन डॅडींना काही झालं तर? 'हात वर' म्हणून ओरडतील, यांना कळणारसुद्धा नाही. मग?"

बाप हरवलाय, मदत फोनच्या एका बटणावर आहे, आणि त्या मदतीचीच भीती वाटतेय. असली गत वैऱ्यावरही येऊ नये.

तिने बटण दाबलं ते सिस्टर अर्नेस्टीनचं.

अर्नेस्टीन बाई म्हणजे माउंट मोराया चर्चच्या सेवेकरी मंडळाच्या अध्यक्ष; त्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना सिस्टर, ब्रदर म्हणतात. रविवारी पांढरे हातमोजे घालून दारावर उभं राहायचं, येणाऱ्याला जागेवर नेऊन बसवायचं, भक्तीच्या भरात कुणाला रडू कोसळलं, भोवळ आली, तर पंख्याने वारा घालायचा, ही सेवेकऱ्यांची कामं. क्लीओफस टिल्मन तारुण्यापासून त्या मंडळात. चर्चमध्ये गाणं चालू असो, प्रवचन चालू असो, सेवेकरी तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. सगळं हाताच्या खुणांनी चालतं, या दारापासून त्या दारापर्यंत, माणसांच्या डोक्यांवरून. आणि खुणा करतात अध्यक्ष बाई. पाद्री बदलले, त्या बदलल्या नाहीत.

"हातमोजे नेलेत का?" सगळं ऐकून घेतल्यावर अर्नेस्टीन बाईंचा पहिला प्रश्न.

"नेलेत."

"मग हरवले नाहीत ते. ड्युटीवर गेलेत. तू रडायचं थांबव आणि मला घ्यायला ये. तोवर मी बायकांना कामाला लावते."

आणि लावलंच. वर्लीनच्या गाडीची चावी सापडेपर्यंत अर्धं गाव हललं होतं. एक जण न्हाव्याच्या दुकानात विचारून आली, एक बस थांब्यावर गेली, एकीने चर्चमध्ये जाऊन बघितलं. दाराला कुलूप, माणूस नाही. सगळ्यांचे फोन अर्नेस्टीन बाईंना. गाडी त्यांच्या दाराशी लागली तेव्हा बाई आत काहीतरी शोधत होत्या.

"सिस्टर अर्नेस्टीन, चला ना!" वर्लीन पायरीवरून ओरडली. "काय शोधताय?"

"हातमोजे."

"अहो, माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्ही हातमोजे शोधताय? हॅटसुद्धा घातलीत!"

"ओरडू नकोस. तुझ्या आईनेही मला कधी घाई केली नाही." बाई शांतपणे गाडीत पुढे बसल्या, मांडीवर हातमोजे ठेवले, आणि स्टिअरिंगवर बसलेल्या लव्हेलला म्हणाल्या, "लिंडन स्ट्रीट."

"लिंडन स्ट्रीटला काय आहे?" लव्हेलने विचारलं.

"तुझ्या बापाचं दार आहे, दुसरं काय!"

वर्लीनने कपाळावर हात मारला. जुनं चर्च! नवीन इमारतीत येऊन चर्चला फार दिवस झाले नव्हते. त्याआधीची सगळी हयात क्लीओफस जुन्या चर्चच्या लाल दारावर उभे राहिले होते. छप्पर गळायला लागलं, दुरुस्ती परवडेना, म्हणून मंडळीने ती इमारत विकून टाकली. आता तिथे बिअर गाळतात आणि विकतात. वेदीच्या जागी तांब्याची पिंपं, आणि बाकांवर वेस्टमोरची मंडळी पेले घेऊन बसलेली. बेलफर्डच्या बायका त्या रस्त्याने जात नाहीत. गेल्याच तर मान दुसरीकडे वळवतात.

लव्हेल गाडी चालवत होता ती मर्यादेच्याही खाली. लायसन्स समोरच्या काचेपाशी चिकटवलेलं, कुणी थांबवलंच तर खिशात हात घालायला नको म्हणून.

"अरे, जरा दाब की!" वर्लीन मागच्या सीटवरून म्हणाली.

"आणि आत्ता कुणी थांबवलं तर?"

तेही खरंच होतं.

लिंडन स्ट्रीटच्या वळणावर निळेतांबडे दिवे दिसले.

चर्चसमोर पोलिसांची एक गाडी उभी होती. फुटपाथवर लोकांची गर्दी, कडेवर पोरं, साखळीला कुत्री, सगळ्यांचे फोन वर धरलेले. दगडी पायऱ्यांच्या वर, त्या लाल दारात, क्लीओफस टिल्मन उभे होते. काळा सूट, पांढरे हातमोजे, पाठ ताठ. उजव्या हाताचा पंजा समोर धरलेला, थांबा म्हणून. डावा हात मागे, कमरेवर. सेवेकऱ्याने उभं राहायचं ते असंच. पायऱ्यांच्या खाली एक तरुण पोलीस पाय फाकवून उभा होता, आणि त्याचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता.

झालं होतं असं. आत कुणाच्या तरी लग्नाची पार्टी होती. नवरीचे वडील माईक घेऊन बोलायला उठले, पाहुणे पेले खाली ठेवून उभे राहिले, डोळे पुसायला लागले. क्लीओफसनी दारातून ते बघितलं आणि त्यांच्या लेखी प्रार्थना सुरू झाली. प्रार्थना चालू असताना आत कुणालाही सोडायचं नाही, मग राज्यपाल आला तरी. त्यांनी दार धरलं. लोक आधी हसले, फोटो काढले. त्यांना वाटलं, ही दुकानाचीच काहीतरी गंमत आहे. मग चिडले. नवरीच्या वडिलांचं बोलणं कधीच संपलं, पण प्रार्थना संपल्याची खूण क्लीओफसना कुणी केलीच नव्हती. शेवटी दुकानाच्या मॅनेजर पोरीने फोन केला. एक माणूस दार अडवून उभा आहे, बोलत नाही, आणि मागचा हात दाखवत नाही.

"मी येतो," लव्हेल म्हणाला.

"तू हलायचं नाहीस! तो म्हणेल हात वर, आणि तुझा एक जाणार नाही वर. मग?"

लव्हेलने इंजिन बंद केलं, चारही काचा खाली केल्या, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर बोटं पसरून ठेवले. वर्लीन खाली उतरली. दोन्ही पंजे उघडे, अंगापासून लांब, पावलं हळू. हे चालणं तिला आईने शिकवलं होतं, चालायला शिकवलं त्याच्या पाठोपाठ.

"ऑफिसर, ते माझे वडील आहेत. त्यांना विसरायला होतं. ते कुणाला काही करणार नाहीत."

"मॅडम, तिथेच थांबा! पुढे येऊ नका!" पोलिसाने मान न वळवता सांगितलं. "त्यांच्या मागच्या हातात काहीतरी आहे. काय आहे?"

वर्लीनने बघितलं. खरंच की. कोटाच्या कडेखाली एका काठीचं टोक दिसत होतं. पंखाच असणार. पण आठच दिवसांपूर्वी डॅडींच्या उशीखाली भाजी चिरायची सुरी सापडली होती. नाही म्हणावं आणि नेमकं तेच निघालं तर?

"पंखा असेल," ती म्हणाली. "म्हणजे… पंखाच असेल."

तिचं ते 'असेल' पोलिसाने ऐकलं. पिस्तुलाचा पट्टा उघडल्याचा आवाज तिला आला.

"सर, शेवटचं सांगतो! मागचा हात पुढे आणा! हळू!" आणि मग 'सर' गळून पडला. "हात दाखव! ऐकू येतंय का? हात दाखव!"

"डॅडी!" वर्लीन किंचाळली. "डॅडी, हात पुढे घ्या! मी वर्लीन! डॅडी, तुमच्या पाया पडते!"

क्लीओफसनी तिच्याकडे बघितलंही नाही. दारावरचा सेवेकरी हाकेला ओ देत नसतो. लहानपणी तिने त्या दारात कितीदा "डॅडी, शू आली" म्हणून कोट ओढला असेल, तरी त्यांची मान हललेली तिने कधी बघितली नव्हती. तेच डोळे आता लोकांच्या डोक्यांवरून कुठेतरी लांब लागलेले. कुणाची तरी वाट बघणारे.

गाडीचं दुसरं दार उघडलं. अर्नेस्टीन बाई उतरल्या. हॅट सारखी केली. डाव्या हातात मोजा चढवला, उजव्या हातात चढवला, बोटं एकेक करून नीट बसवली. मग फुटपाथच्या बरोब्बर मध्यावर, दाराच्या सरळ रेषेत, पोलिसाच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. तोंडातून शब्द नाही. त्यांनी फक्त उजवा हात सरळ वर उचलला.

क्लीओफसचे डोळे त्या हातावर येऊन थांबले.

वर्लीनला ते दिसलं. आणि त्या क्षणी तिला कळलं की ही बाई हातमोज्यांसाठी का अडली होती. त्या डोक्यात आता मुलगी नव्हती, पोलीस नव्हता, पिस्तूल नव्हतं. पण लांबून दिसणारा पांढरा हात अजून होता.

अर्नेस्टीन बाईंनी पंजा सावकाश खाली आणला. प्रार्थना संपली, दार मोकळं करा. क्लीओफस दारातून एक पाऊल बाजूला सरकले.

"हलू नकोस!" पोलीस ओरडला.

"हलू दे त्यांना," वर्लीन रडत म्हणाली, "हलू दे रे बाबा, ते ऐकतायत, आत्ता कुठे ऐकतायत!"

बाईंनी उजवा हात छातीवर ठेवला, मान लववली, आणि तो हात समोर उघडा धरला. तुमची सेवा झाली, आता मी उभी राहते. माउंट मोरायात या खुणेनंतर दारावरच्या माणसाने मागचा हात पुढे घ्यायचा असतो. क्लीओफसनी घेतला. आणि देवाची कृपा म्हणा नाहीतर सेवेकरी मंडळाची शिस्त म्हणा, त्या चर्चमधली कुठलीच हालचाल घाईत होत नाही. हात इतका सावकाश पुढे आला की पाळण्यातलं पोरही घाबरलं नसतं. पांढरा मोजा, मोज्यात लाकडी काठी, आणि काठीवर पुठ्ठ्याचा पंखा. त्यावर हात जोडलेल्या कुटुंबाचं चित्र, मागे मयताचं सामान करणाऱ्या दुकानाची जाहिरात. असले पंखे बेलफर्डच्या प्रत्येक घरात चार तरी सापडतील.

"पंखा?" पोलिसाने विचारलं.

"पंखाच आहे, बाळा," अर्नेस्टीन बाई आता बोलल्या. "आधी तो पिस्तुलाचा पट्टा लाव बघू."

त्याने लावला. एकदा चुकला, दुसऱ्यांदा लागला.

वर्लीन पायरीवर जाऊन बसली. तिचे वडील तिच्या शेजारून खाली उतरले, पोलिसासमोर जाऊन उभे राहिले, त्याला खालून वर न्याहाळलं, आणि स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवलं. मग त्याच्या डोक्याकडे.

"काय म्हणतायत?" पोलिसाने घाबरून विचारलं.

"टोपी काढ म्हणतायत," अर्नेस्टीन बाई म्हणाल्या. "देवाच्या दारात उभा आहेस."

त्याने टोपी काढली. आत केस घामाने चिकटलेले, कान लालभडक. अगदीच पोरगेला होता. क्लीओफसनी समाधानाने मान हलवली. गर्दीत कुणीतरी हसलं, मग दुसरं हसलं, आणि एका बाईने टाळ्याच वाजवल्या. वर्लीनलाही हसू फुटलं, नाकडोळे वाहत असताना. जिवंत होते डॅडी. टोप्या काढायला लावत होते.

पोलीस तिच्यापाशी आला आणि दोन पायऱ्या सोडून थांबला.

"मॅडम, तुम्ही आम्हाला कळवायला हवं होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट गयावया होती. "म्हातारे गृहस्थ हरवलेत, त्यांना विसरायला होतं, एवढं जरी रेडिओवर आलं असतं ना, तरी मी असा आलो नसतो. मला एवढंच सांगितलं होतं की एक माणूस हात दाखवत नाही. का नाही केलात फोन?"

खरं होतं त्याचं. तेच तर तिला झोंबलं. आणि आईचंही खरं होतं. दोन्ही खरं असल्यावर माणसाने जावं कुठे?

"आमच्या आईने केला होता एकदा," वर्लीन म्हणाली. "ज्याच्यासाठी केला तो त्या गाडीत बसलाय."

पोलिसाने वळून बघितलं. लव्हेल तसाच बसला होता. काचा खाली, नजर समोर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, दहाही बोटं पसरलेली.

"ते असे का बसलेत?"

"तुम्ही इथे आहात म्हणून."

त्याने गाडीच्या दिशेने एक पाऊल टाकलं, आणि लव्हेलची बोटं स्टिअरिंगवर आणखी ताणली गेली. ते त्याने पाहिलं. तो थांबला.

"त्यांना सांगाल का, हात खाली घ्या म्हणून?"

"सांगते. पण तुम्ही गेल्याशिवाय तो घेणार नाही."

पोराने टोपी हातात फिरवली.

"मग मी निघतो," तो म्हणाला. डोक्यावर टोपी न घालताच गाडीत बसला, दिवे बंद केले आणि गेला. वर्लीन त्याला चांगला म्हणायला तयार नव्हती. पण वेळेवर निघून गेला, एवढं तिने त्याच्या नावावर मांडलं.

मग एकच गलका झाला. सेवेकरी मंडळाच्या बायका तीन गाड्या भरून येऊन थडकल्या, कुणी केसांना कर्लर लावलेली, कुणी घरच्या सपातांत. क्लीओफसना मध्ये घेऊन सगळ्या एकदम बोलायला लागल्या. "ब्रदर टिल्मन, शनिवारीच आलात होय? आम्हाला सांगायचं तरी!" "सूट काय बसलाय बाई!" मॅनेजर पोरगी रडवेली होऊन पुढे आली. "मला माहीत नव्हतं हो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी फक्त विचारायला म्हणून फोन केला." तिने आतून ट्रे भरून थंडगार लिंबू सरबत आणलं. अर्नेस्टीन बाईंनी पेल्याचा आधी वास घेतला, मग बायकांना मान हलवून परवानगी दिली. क्लीओफसनी मात्र तळहात आडवा धरला. चर्चमध्ये पेय नाही. त्यांनी त्या पोरीला हाताला धरून वर नेलं आणि तिच्याच दुकानात तिला बाकावर बसवून आले.

गाडीत बसेपर्यंत उन्हं कलायला लागली होती. अर्नेस्टीन बाई पुढे, वर्लीन आणि डॅडी मागे. लव्हेलचे हात अजून तिथेच.

"लव्हेल, घे आता. गेला तो."

त्याने हात काढले. बोटं आखडली होती. एकेक दाबून मोकळं करत म्हणाला, "बरगड्यांचा कोळसा झाला असेल."

"होऊ दे," अर्नेस्टीन बाई म्हणाल्या. "माझ्याकडे अर्धी कोंबडी आहे."

गाडी सुरू झाली, आणि वर्लीनचा बांध फुटला. आत्तापर्यंत जे धरून ठेवलं होतं ते सगळं एकदम वर आलं. तोंडावर हात दाबून ती गदगदून रडायला लागली, थांबता थांबेना. शेजारी हालचाल झाली. डॅडी तिच्याकडे वळले होते. डोळ्यांत ओळख नव्हती, पण काम ओळखीचं होतं. रडू कोसळलेली बाई. त्यांनी कोटाच्या खिशातून स्वच्छ रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि पुठ्ठ्याच्या पंख्याने तिला वारा घालायला लागले, सावकाश, एका लयीत.

"रडा, सिस्टर," ते हलक्या आवाजात म्हणाले. दिवसभरातले त्यांचे पहिले शब्द. "इथे तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही."

"थँक्यू, ब्रदर टिल्मन," ती हुंदक्यांतून म्हणाली.

"घरी आहे ना कुणी तुमचं?"

"आहेत. वडील आहेत."

"मग बरं," क्लीओफस म्हणाले. "वडील आहेत ना, मग बरं." आणि घर येईपर्यंत त्यांनी पंखा थांबवला नाही.